१/१६ आरसी टायगर टँक: आधी चालवा, मग सजवा

आरसी (रेडिओ कंट्रोल, म्हणजे रिमोटवर चालणारा) टँक म्हणजे दोन छंद एकाच डब्यात कोंबलेले, एक स्केल मॉडेलिंग आणि दुसरं आरसी, आणि दोघांचं एकमेकांशी फारसं जमत नाही. शोकेसमधलं मॉडेल एकदा चिकटवलं की झालं. हा मात्र चालतो, दगडावर चढतो, उलटतो, आणि याच्या पोटात मोटर, गिअर, बोर्ड, बॅटरी सगळं आहे जे कधी ना कधी बिघडणारच आहे. म्हणून माझं सगळं काम एकाच गोष्टीभोवती फिरतं: जे लावाल ते परत उघडता आलं पाहिजे. रंग कितीही भारी झाला आणि आतली एक वायर सुटली म्हणून वरचा हल (टँकचं बाहेरचं खोकं) कापावा लागला तर काय उपयोग.

उदाहरणाला टायगर १ (दुसऱ्या महायुद्धातला जर्मन टँक) घेतोय कारण बहुतेक लोक याच्यापासूनच सुरू करतात, पण शर्मन, टी-३४, पँथर काहीही असलं तरी कामाचा क्रम हाच.

कुठला टायगर ते आधी ठरवा

१/१६ (खऱ्याच्या सोळाव्या हिश्श्याचा) हा आरसी टँकचा सगळ्यात चालणारा स्केल, पार्ट्स याच स्केलमध्ये सगळ्यात जास्त मिळतात. खरा टायगर तोफेसकट ८.४५ मीटर लांब, म्हणजे मॉडेल साधारण ५३ सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर म्हणजे २३ सेंटिमीटर. ठेवणार कुठे ते आधी बघून घ्या, तोफेचं टोक कपाटाच्या दारात अडकतं.

टायगर १९४२ ते ऑगस्ट १९४४ पर्यंत बनले, साडेतेराशेच्या आसपास, आणि तेवढ्या काळात बारीकसारीक बदल सतत होत राहिले. सुरुवातीच्या गाड्यांना कमांडरचा कपोला (तोफेच्या फिरत्या बुरुजावरची, बाहेर बघायची छोटी घुमटी) उभ्या ड्रमसारखा, रोड व्हीलला (टँकचा भार पेलणाऱ्या चाकांना) रबरी कड. १९४३ च्या मध्यापासून पेरिस्कोपवाला ओतीव कपोला आला. १९४४ च्या सुरुवातीपासून स्टीलच्या कडेची चाकं. आणि झिमेरिट, म्हणजे चुंबकी सुरुंग चिकटू नये म्हणून बाहेरून लावायचा तो खडबडीत लेप, १९४३ च्या उत्तरार्धापासून सप्टेंबर १९४४ पर्यंतच. ड्रम कपोला, स्टीलची चाकं आणि वर झिमेरिट असं सगळं एकाच मॉडेलवर दिसलं की जाणकार माणूस हसतो, आणि पार्ट्स घेऊन झाल्यावर हे कळलं की खर्च दुप्पट.

पहिलंच मॉडेल असेल तर टायगर १३१ करा. ब्रिटिशांनी एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडलेली ही गाडी बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये आहे आणि अजून चालते, त्यामुळे प्रत्येक कोनातून फोटो मिळतात. झिमेरिट नाही, म्हणजे एक मोठं काम वाचलं.

बेस दोन प्रकारचा मिळतो. टामिया कंपनीचे फुल ऑप्शन किट पूर्ण सुटे येतात, नट न् नट तुम्हीच जोडायचा. हेंग लाँगसारखे टँक तयार येतात, पेटीतून काढून लगेच चालवता येतात आणि मग हळूहळू मेटल पार्ट टाकत जायचं. शिकायला दुसरा रस्ता बरा, कारण चालती वस्तू हातात असते आणि काय बिघडलं ते लगेच कळतं.

उघडणं

तयार टँक घेतला तरी पहिलं काम तो पूर्ण उघडणं. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो, आणि स्क्रू वेगवेगळ्या झाकणांच्या डब्यांत, डब्यावर चिठ्ठी. स्क्रू सगळे सारखे दिसतात पण लांबी वेगळी असते, आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला की पलीकडून प्लास्टिक फोडून बाहेर येतो.

प्लास्टिकच्या भोकात स्क्रू परत लावताना एक सवय लावून घ्या. आधी उलटा फिरवा, हलकेच, दाब न देता. एका ठिकाणी स्क्रू बारीकसा खाली बसतो, हाताला टक् असं जाणवतं. तिथून मग सुलटा पिळा. म्हणजे तो जुन्याच आट्यात जातो, नवीन कापत नाही, आणि तेच भोक कितीही वेळा उघडलं तरी टिकतं. हे नाही केलं तर चार-पाच वेळातच भोक सैल.

खालचा हल, म्हणजे खरा टँक

इथे वेळ घालवा. गिअरबॉक्स, सस्पेन्शन, चाकं, ट्रॅक हे चारही एकमेकांवर अवलंबून आहेत, एक वाकडं असलं की बाकीचे तीन झिजतात.

गिअरबॉक्स प्लास्टिक गिअरचा असेल आणि तुम्हाला मेटल ट्रॅक टाकायचे असतील तर गिअरबॉक्स आधी बदला, ट्रॅक नंतर. मेटल ट्रॅकचं वजन प्लास्टिक दात सहन करत नाहीत, विशेषतः जागच्या जागी वळताना. स्टील गिअर आणि शाफ्टला बॉल बेअरिंग असलेला गिअरबॉक्स बघून घ्या. मोटरचा पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) बसवताना पिनियन आणि पुढच्या गिअरच्या मध्ये साध्या कागदाची पट्टी घालायची, मोटर दाबून स्क्रू आवळायचे आणि पट्टी फिरवून बाहेर काढायची. पट्टीवर दातांच्या घड्या पडलेल्या हव्यात पण ती फाटलेली नको. फाटली तर गिअर जास्त घट्ट बसलेत, घड्याच नसतील तर सैल.

ग्रीस थोडंच, दातांवर पातळ थर पुरे. गच्च भरलं की ते फेकलं जातं आणि धूळ धरून त्याची पेस्ट होते, ती पेस्टच मग गिअर घासते. मेटलमध्ये मेटल जाणाऱ्या बारीक स्क्रूला निळा थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावा पण प्लास्टिकजवळ तो अजिबात नको, एबीएसला (टँकच्या प्लास्टिकला) त्याने तडे जातात आणि ते लगेच दिसत नाहीत, आठवड्यानंतर दिसतात.

गिअरबॉक्स हलमध्ये बसवायच्या आधी दोन्ही बाजू विनालोड कमी व्होल्टेजवर दहा-पंधरा मिनिटं चालवा, पुढे आणि मागे. दोन्हींचा आवाज सारखा हवा. एक करकरत असेल तर आत्ताच उघडा, पुढे सगळं झाकलं जाणार आहे.

टायगरची चाकं एकमेकांत गुंतलेली, बाजूला आठ अॅक्सल, आणि सुरुवातीच्या मॉडेलला प्रत्येक अॅक्सलवर तीन म्हणजे बाजूला चोवीस चाकं. आतलं चाक काढायचं तर बाहेरची आधी काढावी लागतात, खऱ्या क्रूलाही हाच ताप होता. म्हणून चाकं कधीच ग्लूने लावू नका, स्क्रूच. प्रत्येक चाक हाताने फिरवून बघा, शेजारच्याला घासत असेल तर पातळ वॉशर टाका. मग हल टेबलावर ठेवून चाकांखालून कागदाची पट्टी सरकवा. जिथे ती सहज सरकते ते चाक हवेत आहे, तो आर्म किंवा स्प्रिंग बघायचा.

आता ट्रॅक. नव्या माणसाला वाटतं ट्रॅक गिटारच्या तारेसारखा ताणलेला हवा. उलट आहे. टायगरला वरच्या बाजूला रिटर्न रोलरच (ट्रॅक वर उचलून धरणारी छोटी चाकं) नाहीत, वरचा ट्रॅक चाकांवर लोळतो, आणि खऱ्या गाडीच्या फोटोत तो सॅग (लोंबणं) स्पष्ट दिसतो. मॉडेलमध्येही मधल्या चाकावरचा ट्रॅक बोटाने सेंटिमीटरभर सहज उचलला गेला पाहिजे. घट्ट ठेवला की मोटर तापते, बॅटरी लवकर संपते, शाफ्टवर एका बाजूने सतत ओढ बसते. फार सैल ठेवला तर वळताना स्प्रॉकेटवरून (ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकावरून) उतरतो. आधी दोन्ही बाजूंच्या कड्या मोजून सारख्या करा, मग आयडलरच्या (ट्रॅकच्या दुसऱ्या टोकाच्या मोकळ्या चाकाच्या) अॅडजस्टरने ताण सारखा करा. गाडी सरळ सोडल्यावर एकीकडे ओढत असेल तर रिमोटच्या ट्रिमला (सरळ चालण्याच्या बारीक सेटिंगला) हात लावायच्या आधी हे तपासा.

मेटल ट्रॅकच्या पिना चालता चालता बाहेर सरकतात. खऱ्या टी-३४ मध्ये यावर एक गंमतशीर उपाय होता, पिना आतल्या बाजूने मोकळ्याच होत्या आणि हलवर एक तिरकी पट्टी वेल्ड केलेली होती, सरकलेली पिन तिथून जाताना ठोकून परत आत. मॉडेलमध्ये आपण पिनेच्या बाहेरच्या टोकाला टूथपिकने इपॉक्सीचा अगदी छोटा ठिपका देतो. ठिपकाच, नाहीतर कडी जाम होते. आणि एक-दोन पिना मुद्दाम मोकळ्या ठेवून त्यांच्यावर रंगाची खूण करा, ट्रॅक काढायची वेळ येतेच.

वायरिंग

रिसीव्हर, मिक्सिंग आणि साउंड एकाच बोर्डवर असतात, स्टिकची हालचाल दोन मोटरना वाटून देण्याचं काम तो बोर्ड करतो. बोर्ड बॅटरीपासून आणि मोटरपासून लांब, दुहेरी फोम टेपवर किंवा छोट्या ट्रेवर, आणि त्या ट्रेला दोनच स्क्रू. प्रत्येक वायरला जोडणीजवळ मास्किंग टेपची चिठ्ठी: डावी मोटर, उजवी मोटर, टरेट (तोफेचा फिरता बुरुज), स्पीकर. वरच्या आणि खालच्या हलमध्ये जाणाऱ्या सगळ्या वायरींना प्लग हवेत. थेट सोल्डर केलेली एक जरी वायर राहिली तरी दोन अर्धे वेगळे होत नाहीत आणि दर वेळी एका हातात वरचा हल लटकत धरून दुसऱ्या हाताने काम करावं लागतं.

प्रत्येक मोटरच्या दोन टर्मिनलमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर केला की ब्रशचा विद्युत गोंगाट कमी होतो, स्पीकरची खरखरही बऱ्याचदा त्यानेच जाते. २.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरची अँटेना म्हणजे टोकाचा उघडा तीनेक सेंटिमीटरचा तुकडा, तो मेटल हलच्या आत गुंडाळून ठेवला की रेंज गेली. प्लास्टिकच्या वरच्या हलला आतून स्ट्रॉ चिकटवून त्यात उभा घाला. कापू नका.

बॅटरी ७.२ व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड किंवा दोन सेलची लिथियम पॉलिमर. दुसरी घेतली तर पूर्ण चार्जला ८.४ व्होल्ट, बोर्डला ते चालतं का आधी वाचा. एका सेलचा व्होल्टेज ३ च्या खाली कधीच जाऊ द्यायचा नाही, ३.३ ला थांबा, बोर्डला कटऑफ नसेल तर व्होल्टेज उतरलं की वाजणारा, वीतभर वायरचा बझर मिळतो तो लावा. चार्जिंग बॅलन्स चार्जरवर (प्रत्येक सेल सारखा भरणाऱ्या), टँकच्या बाहेर काढून, माणूस समोर असताना. फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही, यावर चर्चा नाही. बॅटरीच्या वायरवर एक फ्यूज टाका, ट्रॅक अडकून मोटर जाम झाली तर फ्यूज जाईल, बोर्ड वाचेल.

स्पीकरबद्दल लोक बोर्डला दोष देतात. नुसता उघडा स्पीकर हलमध्ये टाकला की पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खातात आणि टायगरच्या मेबाख इंजिनाची शिलाई मशीन होते. स्पीकरच्या मागे बंद डबी करा, कडा फोमने सील करा, तोंड इंजिन डेकच्या जाळीकडे. तोच बोर्ड, तोच स्पीकर, पण आवाजात पोट येतं.

चालवून बघा, रंगाच्या आधी

आता हा कुरूप सांगाडा जमिनीवर सोडायचा. टायगरचा रस्त्यावरचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास, त्याला १६ ने भागलं की सेकंदाला साधारण ७० सेंटिमीटर. जमिनीवर दोन मीटरवर खुणा करा, फुल थ्रॉटलला ते अंतर तीनेक सेकंदांत पार व्हायला हवं, आणि शेतातला वेग दाखवायचा तर पाच-सहा सेकंद. यापेक्षा जोरात पळत असेल तर गिअर रेशो बदला किंवा रिमोटवर कमाल मर्यादा कमी करा. वेगाने पळणारा टँक कितीही डिटेल केला तरी खेळणंच दिसतो.

वजनाचंही तसंच. खरी गाडी ५७ टन, १६ चा घन ४०९६, म्हणजे स्केलने वजन जवळपास १४ किलो होतं. तेवढं कोणी करत नाही आणि करूही नये, गिअरबॉक्स रडेल. पण थोडं वजन खाली आणि मधोमध टाकलं की गाडी उड्या न मारता डुलत जाते. टरेटमध्ये वजन नको.

वळणं: टायगर जागच्या जागी फिरू शकत होता, एक ट्रॅक पुढे एक मागे. शर्मन किंवा टी-३४ ला हे जमत नव्हतं. त्यामुळे शर्मन करत असाल तर हात आवरा, एका जागी गरगर फिरणारा शर्मन बघवत नाही. आणि टायगरलाही कार्पेटवर असं फिरवू नका, सगळ्यात जास्त करंट तिथेच ओढला जातो.

दोन पूर्ण बॅटऱ्या संपेपर्यंत चालवा, मोटरला हात लावून बघा. कोमट ठीक, बोट ठेवता येत नसेल तर कुठेतरी घासतंय. सगळं ठीक झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टरेट आणि तोफ

तयार टँकमध्ये ६ मिलिमीटरचे छर्रे उडवणारं युनिट असतं. मी ते काढूनच टाकतो, डोळ्याला धोका आहे आणि जागाही खातं. त्याजागी सर्व्होवर (छोट्या नियंत्रित मोटरवर) चालणारं रिकॉइल, म्हणजे तोफेचा मागे झटका, आणि इन्फ्रारेड बॅटल युनिट (अदृश्य किरणांनी दुसऱ्या टँकवर खोटा मारा करणारं) बसवता येतं, बोर्ड सपोर्ट करत असेल तर. बॅरल वळवलेल्या अॅल्युमिनियमची घ्या, प्लास्टिकच्या दोन अर्ध्यांची शिवण कितीही घासली तरी कुठेतरी दिसते. तोफ वर १५ अंश आणि खाली ८ अंश जायची, तेवढीच ठेवा. टरेट पूर्ण फिरायला खऱ्या गाडीत साधारण मिनिटभर लागायचं, मॉडेलचा टरेट फार घाईत फिरतो, मोटर हळू गिअरची टाका. ३६० अंश सतत फिरवायचा असेल तर स्लिप रिंग (फिरतानाही वीज जोडून ठेवणारी कडी) लागतेच, नाहीतर वायरी पिळल्या जातात.

डिटेलिंग

आता मजा. पण हात लावायच्या आधी प्रत्येक भागाला विचारा, हा कुठे धडकणार? बाजूचे फेंडर, हेडलाइट, पुढचे मडगार्ड हे पहिल्याच दगडाला जातात. त्यांना ग्लूऐवजी पितळी पिना आणि छोटे निओडिमियम मॅग्नेट लावा, धडक बसली की भाग सुटून पडतो, तुटत नाही. इंजिन डेकच्या हॅचलाही मॅग्नेट, म्हणजे स्विच आणि बॅटरी वरूनच हाताशी येतात आणि हल उघडायची वेळ क्वचित येते.

वेल्ड शिवणी प्लास्टिक मॉडेलवर बहुधा नसतातच किंवा अगदी फिक्या असतात. स्प्रू (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या काड्यांना जोडलेले असतात ती काडी) मेणबत्तीवर गरम करून ताणा, तो धागा सांध्यावर ठेवा, पातळ लिक्विड सिमेंट फिरवा, मिनिटभर थांबा. धागा मऊ झाला की बोथट सुरीच्या टोकाने तिरके दाब द्यायचे, जवळजवळ, सगळे एकाच दिशेने पण अंतर थोडं कमीजास्त. अगदी मोजून सारखे आले तर मशीनने केल्यासारखे दिसतात, हाताने वेल्ड करणारा माणूस दमतोच की. चिलखताच्या पत्र्याचा खरखरीतपणा हवा असेल तर लिक्विड पुट्टी ताठ ब्रशने टोचून लावा, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने वरची टोकं उडवा. टायगरचं चिलखत रोल केलेल्या पत्र्याचं आहे, तेव्हा हे हलकंच ठेवा.

इंजिन डेकच्या जाळ्या फोटो-एचच्या (रसायनाने कोरलेल्या पातळ पितळी पत्र्याच्या) घ्या. पितळ वाकवायच्या आधी क्षणभर ज्योतीवर धरलं की मऊ पडतं. दोरखंडाच्या जागी येणारी प्लास्टिकची टो केबल फेकून द्या आणि पिळलेली बारीक तार वापरा, टोकांना किटचीच डोळी भोक पाडून. झिमेरिटवाली गाडी असेल तर दोन भागांची इपॉक्सी पुट्टी अगदी पातळ लाटून, ओल्या हाताने चिकटवून, दातेरी पट्टीने आडव्या रेघा. थर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जाड नको, नाहीतर केकवरचं आयसिंग दिसतं. आणि हलच्या दोन अर्ध्यांच्या सांध्यावरून झिमेरिट सलग नेऊ नका, तिथे सुरीने रेघ मारून ठेवा, नाहीतर उघडायचा रस्ताच बंद.

रंग

चाकं, ट्रॅक, टरेट सगळं वेगळं काढून साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा. मेटल पार्टवर मेटल प्राइमर, प्लास्टिकवर साधा. ऑइल लागलेल्या जागी रंग सोलून निघतो, म्हणून ग्रीसवाली जागा मास्क करा.

फेब्रुवारी १९४३ पर्यंत जर्मन गाड्यांचा मूळ रंग गडद करडा, आरएएल (जर्मन रंगक्रमांक) ७०२१. त्यानंतर गडद पिवळा, आरएएल ७०२८, आणि त्यावर क्रूने ऑलिव्ह हिरवा आणि तांबूस तपकिरी फवारलेला. आफ्रिकेतल्या गाड्यांचे रंग वेगळे. एअरब्रश असेल तर रंग दुधाइतका पातळ, दाब एक ते दीड बार, आणि चार पातळ थर एका जाड थरापेक्षा बरे. नंतर ग्लॉस वार्निश, त्यावर डिकल (चिन्हांचे, आकड्यांचे पातळ स्टिकर), मग बोल्ट आणि सांध्यांत गडद तपकिरी वॉश (अगदी पातळ केलेला रंग), शेवटी मॅट. ग्लॉसचा थर गाळला तर डिकलच्या कडा चंदेरी चमकतात, ते नंतर जात नाही.

वेदरिंगमध्ये (वापरून जुना झाल्याचं रंगाने दाखवणं) सगळ्यांचा हात सैल सुटतो. युद्धातला टँक गंजून लाल व्हायला उभा राहतच नव्हता, बऱ्याच गाड्या काही महिन्यांतच संपायच्या. गंज सायलेन्सर आणि ट्रॅकपुरता. रंग उडालेले टवके हॅचच्या कडेला, क्रू जिथे पाय ठेवून चढतो तिथे, स्पंजच्या तुकड्याने. ट्रॅकच्या जमिनीला लागणाऱ्या कडा आणि स्प्रॉकेटचे दात मात्र चकचकीत हवेत, आणि ते रंगवायची गरजच नाही, मेटल ट्रॅक आधी केमिकलने काळे करा आणि थोडा वेळ खडबडीत जमिनीवर चालवा, जिथे घासायला हवं तिथेच घासतं.

चिखल पिगमेंट (रंगाची पूड), प्लास्टर आणि थोडा पांढरा गोंद मिसळून. हलच्या खालच्या बाजूला आणि मडगार्डच्या आत बिनधास्त, पण आर्मचे सांधे, अॅक्सल आणि ट्रॅकच्या पिना यांच्या जवळ नको, तो वाळल्यावर सिमेंट होतो. चाकांवर नुसतं पिगमेंट आणि फिक्सर पुरे, बाकीचा खरा चिखल बाहेर फिरवताना फुकट मिळतो.

फिरवून आणल्यावर

सुक्या ब्रशने ट्रॅक आणि चाकं झाडा. मग उलटा करून स्प्रॉकेट आणि गिअरबॉक्सच्या मधला शाफ्ट बघा, तिथे केस आणि धागे गुंडाळले जातात, वरून दिसत नाहीत, आणि घट्ट होत होत बेअरिंगच्या सीलमध्ये शिरतात. चिमटा आणि सुरीचं टोक, दोन मिनिटांचं काम. सरकलेल्या पिना आत ठोका, चाकांचे स्क्रू एकदा फिरवून बघा. स्मोक युनिटमध्ये (धूर सोडणाऱ्या भागात) ऑइल संपलं असेल तर त्याचा स्विच बंद ठेवा, कोरडं चालवलं की आतली कॉइल जळते. लिथियम बॅटरी काढून घ्या, आठवडाभर तरी हात लावणार नसाल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. आणि टँक ठेवताना हलखाली लाकडाचा ठोकळा द्या, चाकं जमिनीपासून किंचित वर राहतील अशी, म्हणजे स्प्रिंग दबून बसत नाहीत.